एका पायाची सावड

काश्मीरच्या आघाडीवर आमच्या सेक्शनला एका उघड्या टेकडीवरची पिकेट, म्हणजे पुढची चौकी, मिळाली. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज राहायचं, मग चहा, मग खोदकाम. जमीन दगडी. मी बिरवाडीकडचा आणि गणू वरंधचा, दोघंही महाडकडचे, म्हणून हवालदाराने आम्हाला एकाच मोर्चात, म्हणजे खंदकात, घातलं. एकाने खणायचं, दुसऱ्याने पहारा द्यायचा. दुसऱ्या दिवशी उलट. गणू म्हणायचा, "ही आपली सावड हाय रे."

शेती न पाहिलेल्यांसाठी सांगतो. भाताची लावणी एका घराच्या हातांनी उरकत नाही. म्हणून आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाची फेड दिवसाने. आमच्याकडे याला सावड म्हणतात.

एका सकाळी आम्ही पेट्रोलवर निघालो. नाल्याच्या उतारावर माझ्या डाव्या पायाखाली सुरुंग फुटला. हवालदार ओरडला, "रुक जाओ. कोई आगे नहीं जाएगा." गणू आला. माझ्याच पावलांवर पावलं ठेवत आला, मला पाठीवर घेतलं आणि त्याच ठशांवरून मागे नेऊन दगडाआड टेकवलं. मी शुद्धीवर होतो.

"तुजी रायफल राहिली रे," तो म्हणाला.

रायफल हरवली की चौकशी बसते, हे आमच्या हाडीमाशी भिनलं होतं. तो पुन्हा उतारावर, ठशांबाहेर उडालेल्या रायफलीकडे गेला आणि दुसरा सुरुंग फुटला. थोड्या वेळाने हवालदाराचा वायरलेसवरचा आवाज ऐकला. "एक जख्मी, एक खत्म. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

पाय गुडघ्याखाली कापला. पुण्याला लाकडी पाय बसवून मला डिसॅबिलिटी पेन्शनवर घरी धाडलं. निघताना पे-क्लार्क म्हणाला, "हर महीना थोडा पोस्ट में डालना, जवान." मी "जी" म्हणालो. सांगणाऱ्याचं काय जातं?

घर चालवायची मला एकच रीत ठाऊक होती, पलटणीची. आधी रेशन, मग बाकीचं. पेन्शन आली की त्याच दिवशी मीठ, रॉकेल, कापड आणि शेतसारा यांचे वाटे वेगळे काढायचे. मी विडी सोडली. सुंदराने, म्हणजे माझ्या बायकोने, साखर घरात आणणं बंद केलं. असं पोटाला चिमटा घेऊन महिन्याकाठी तीन-चार रुपये मागे पडत. दोन मुली लहान होत्या. त्यांच्यासाठी ते पोस्टात जायला हवे होते.

पण पाय नसला की पैसा कुठून गळतो, ते बाहेरच्याला दिसत नाही. दुसरा डोक्यावरून आणतो ते ओझं मला बैलगाडीने आणावं लागे. घर शाकारायला गडी, झाडाच्या फांद्या तोडायला गडी. आणि सगळ्यांवर वरताण लावणी. लाकडी पाय सडकेवर बरा चालतो. चिखलात घातला की मेखेसारखा रुततो. मला दिवस फेडता येणार नाही म्हणून मीच सावडीतून बाहेर पडलो. फुकटात कुणाचे कष्ट घ्यायचे नाहीत, असा माझा ताठा. मग मजूर आले. त्यांना मजुरी, वर दुपारचं जेवण, वर तंबाखू. वर्षभर राखलेलं एका आषाढात पार धुऊन जायचं.

माझा थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता. शिमग्याला आला तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं. "जमीन अर्धेलीनं दे कुणाला तरी. बसून खा."

कूळ कायद्याचे दिवस होते. एकदा कुळाच्या हाती गेलेली जमीन परत मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि अर्ध्या भातात आमचं वर्ष निघालं नसतं. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी म्हणालो, "एक लावणी बघतो, दादा. अवंदा काय मागं उरलं नाय, तर दिली समज."

आषाढ लागला. पहिल्या दिवशी मजूर राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, रोपं उपटत होते आणि मी पावसात बांधावर इरल्याखाली बसून पाहत होतो. मालकाने नजर ठेवावी, एवढंच माझं काम. पाहता पाहता ध्यानात आलं की सकाळपासून त्यांच्यातला कुणी पायावर उभा राहिलेला नाही. उकिडवं बसायचं, उपटायचं, मुळांचा चिखल झटकायचा, रोपांची मूठ बांधायची, पुढे सरकायचं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, आणि मी मात्र गेलेल्या पायाकडेच बघत बसलो होतो.

मी पट्टे सोडले, लाकडी पाय बांधावर ठेवला आणि बसल्या बसल्या राबात उतरलो.

सुंदरा धावत आली. "अवो, लोक बघतात."

"बघू दे. बघायची मजुरी नाय मागत ते."

पलटणीतल्या हुद्द्यावरून गाव मला नाईकच म्हणायचं. पलीकडून कुणी तरी हसून म्हणालं, "नाईक पुन्हा रांगाय लागला." मला राग आला. तो मी रोपांवर काढला.

दुपारी रावजीदादा बांधावर येऊन उभा राहिला. गावच्या सावडीत कुणी कुठल्या दिवशी कुणाकडे जायचं, ते हा म्हातारा ठरवायचा. "उद्या माज्याकडं ये," तो म्हणाला.

"एकच पाय हाय, दादा."

"रोपं काय पायानं उपटतात?"

एका पोरगेल्या गड्याने विचारलं, "मग नाईकाचा दिवस अर्धा धरायचा का?"

"त्याच्या मुठी मोज, मग इचार," रावजीदादा म्हणाला. संध्याकाळी त्या गड्याने खरंच मोजल्या आणि रावजीदादाने सावडीत माझा दिवस पुरा धरायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशीपासून मी मजुरांना नाही म्हटलं.

पायाच्या खुंटाला फोड आले, फुटले, गोणपाट गुंडाळून पुन्हा बसलो. कण्हायची लाज वाटायची, म्हणून रात्री सुंदराला आघाडीवरचे किस्से सांगत बसायचो. पण आमची लावणी उरकली तेव्हा मजुरीसाठी काढून ठेवलेले पैसे पेटीत होते. भावाला दोन ओळींचं कार्ड टाकलं, जमीन देत नाही. काही पैसे महाडला पोस्टात भरले. उरलेले रुमालात बांधले आणि एस.टी.ने वरंधला गेलो.

गणूच्या आईकडे जायचं इतकी वर्षं राहिलं होतं, कारण रिकाम्या हाताने त्या दारात उभं राहायची माझी छाती नव्हती.

घाटाच्या पायथ्याला लावणी अजून चालू होती. म्हातारी राबात एकटीच वाकली होती आणि तिची रोपं पिवळी पडायला आली होती. मी नाव सांगितलं. गणूच्या पत्रांतून तिने ते ऐकलेलं होतं. तिने माझ्या लाकडी पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी रुमाल पुढे केला.

"ठेव तुज्याकडं," ती म्हणाली. "पैसा सरकार देतं. माणूस देत नाय."

गणू गेल्यावर त्या घरात दिवस फेडणारं कुणी उरलं नव्हतं. म्हातारीच्या एकटीच्या हातावर सावड बसत नव्हती, आणि पैसे देऊनही ऐन लावणीत गडी मिळत नव्हते. वाडीतली माणसं वाईट नव्हती. रीतच तशी होती.

मी बांधावर बसून पट्टे सोडायला लागलो.

"रे, हे काय करतोस?"

"तुज्या घरचे दिवस फेडतो, आये. मंग सगली तुज्या शेतात येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडीची माणसं देवळापाशी जमली. एक म्हातारा एकेका घराचं नाव घेई, त्या घरचा माणूस "हाय" म्हणे. सगळी नावं झाली. मी गणूच्या आईजवळ जोत्यावर बसलो होतो. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गणूच्या घरचा?"

म्हातारी माझ्याकडे वळली.

"हाय," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी अख्खी वाडी तिच्या शेतात उतरली. ती होती तोवर आमची लावणी आटोपली की मी दरवर्षी वरंधला गेलो. देवळापाशी माझं नाव कुणी कधी घेतलं नाही, मीही सांगितलं नाही. ती हजेरी गणूची होती.