राघूनं खाल्लेली द्राक्षं

मंडळी, जीव थाऱ्यावर नाही. नारायणगावात जीप भरेपर्यंत सायबर कॅफेत बसून लिहितोय. मांडीवर पिंजरा आहे.

आमचा राघू सकाळी दांडीवरून खाली पडला. तसाच गुरांच्या डॉक्टरकडं आणला.

"काय खाल्लं यानं?"

"द्राक्षं. आमच्याच बागेतली."

"घरच्या ओळीची का बाजारच्या?"

घरी खायला आम्ही कडेची एक ओळ फवारणीशिवाय ठेवतो. काल घाईत मी राघूला दुसऱ्याच ओळीतला घड दिला. तिथं परवाच औषध मारलं होतं.

"डॉक्टर, वाचंल न्हवं?"

"आजची रात काढू दे, राव."

राघू डोळे मिटून बसलाय. उद्या सकाळी त्याच बागेचा माल मुंबईला जायचाय, गाडीही सांगून ठेवलीय.

सांगा, भरू का?