ट्रेमधलं पाणी

"घरची सवय जात नाही."

सर हे बोलले तेव्हा त्यांनी फ्लास्क उजेडाकडे धरला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अख्खी लॅब उभी होती. फ्लास्कमधल्या गुलाबी द्रवावर पांढरी बुरशी तरंगत होती, फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखी. खाली माझ्या पेशी मेलेल्या.

"स्वच्छता शिकवून येत नाही. रक्तात असावी लागते," सर म्हणाले. "आता सगळं साफ कर. तूच."

मी "हो सर," एवढंच म्हटलं.

मी कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींवर पीएच.डी. करते. त्या पेशींच्या आवरणातून पाणी आत-बाहेर कसं जातं, हा माझा विषय. पेशीचं आवरण तेलकट असतं. पाणी त्यातून सहजासहजी जात नाही. म्हणून त्या आवरणात पाण्यापुरत्या बारीक वाटा असतात. पाण्याचे कण त्यातून एकामागं एक, रांगेनं जातात. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाण्याची ओढ. काही गाठींच्या पेशींत या वाटा फार वाढलेल्या असतात. पाणी झटकन आत शिरतं, पेशीची एक बाजू फुगते, पुढं सरकते, आणि गाठ पसरत जाते. या वाटा बुजवल्या तर पेशी जागच्या जागी थांबते का, एवढंच मी बघत होते. त्यासाठी त्या पेशी जिवंत राहायला हव्या होत्या. माझं सगळं शिक्षण त्यांच्यावर उभं होतं.

हा विषय दिला त्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पाण्याचा विषय हिलाच शोभतो. यांचं पाण्याशी जुनं भांडण आहे." सगळे हसले. मीही हसले. गाईडच्या विनोदाला हसावं लागतं, नाहीतर पोरगी आखडू ठरते. बेगमपुऱ्यातली माझी घरमालकीणही चिडवायची, "पानी पे डॉक्टरी करती, और नल कब आता वो मालूम नै!" पण तिच्या चिडवण्यात माया होती. नळ आला की तीच माझी बादली भरून ठेवायची.

बुरशी कुठून आली, हे लॅबमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. दरवर्षी बाहेरच्या मशीनला हार घालायचे, पेढे वाटायचे, संपलं. या वर्षी पेशी उबेत ठेवायचा नवा इन्क्युबेटर आला होता, म्हणून पूजा कल्चर रूममध्ये ठरली. म्हणजे पेशी वाढवायच्या त्या बंद खोलीत. तिथं आम्ही मास्क लावल्याशिवाय श्वास घेत नाही, हातमोज्यावर स्पिरिट मारल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. त्या खोलीत सर तांब्या घेऊन आले. पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी.

दारातच त्यांनी मला थांबवलं. "तू बाहेर थांब गं. तुमच्या त्या बावीस प्रतिज्ञा असतात. तुला उगाच अडचण नको."

अगदी प्रेमानं म्हणाले. राग यायला जागाच ठेवली नाही. आम्ही बौद्ध, पूजा मला करायचीच नव्हती. पण आतल्या पेशी माझ्या होत्या. त्यांना दिवसाआड खायला घालणारी मी, आणि बाहेर मीच एकटी.

दाराच्या काचेतून बघत राहिले. झेंडूची माळ, हळदकुंकू, अगरबत्ती. मग सरांनी इन्क्युबेटर उघडला. त्याच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो, आतली हवा ओलसर राहावी म्हणून. तो आम्ही निर्जंतुक पाण्यानं भरतो. सरांनी त्यात तांब्या ओतला. वर अक्षता टाकल्या. मी काच वाजवली. सरांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. शुभांगी माझी सीनियर. तिनं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि हात जोडले.

पूजा झाल्यावर म्हटलं, "सर, ट्रेतलं पाणी बदलते."

"आज यंत्राला हात लावायचा नाही. दसरा होऊ दे."

दसरा झाला. जोडून सुट्ट्या आल्या. कल्चर रूमची किल्ली सरांकडे. लॅब उघडली तेव्हा सगळं पांढरं झालं होतं.

साफ करायला गुडघ्यावर बसले. फ्लास्क टाकले. ट्रे बाहेर ओढला. पाण्याला वास मारत होता. तळाशी फुगलेले तांदूळ, झेंडूची एक काळी पडलेली पाकळी. ती बोटानं काढली. घाण त्यांची होती आणि ती काढत मी बसले होते, माझ्या रक्ताचा उद्धार ऐकून. तिथंच मला रडू आलं. रागानं आलं. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की सर तसे नाहीत, बोलायची पद्धत आहे. पद्धत नव्हती. ते तसेच होते.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रकल्प तपासायला बाहेरून दोन तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर मी उभं राहून सांगायचं, की माझ्या निष्काळजीपणामुळं पेशी मेल्या. "सांगितलंस की तुझ्या सिनॉप्सिसवर सही करतो. माणसानं चूक कबूल करावी. लहान होत नाही त्यानं." त्या सहीशिवाय माझा प्रबंध पुढं जात नाही.

शुभांगीनं जिन्यात गाठलं. "सॉरी म्हणून टाक ना. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलंय."

तिला विचारलं, "तुला कधी रक्ताबद्दल बोलले?" ती पायऱ्या उतरून गेली.

गावी, पिशोरला, मायला फोन लावला. माय दुसऱ्याच्या वावरात अद्रक काढायला जाते. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "माग बाई माफी. आपलं काय जातंय? लई लोकांपुढं वाकले मी. तू शिकावी म्हणून वाकले."

"माय, मग मीबी वाकायचं का?"

तिच्यावर चिडताही येईना. सही सरांची, किल्ली सरांची, खोली सरांची. घरी जायचं तर कोणतं तोंड घेऊन जायचं? कुठंही वळा, पुढं भिंत.

तज्ज्ञ आले. सरांनी मला उभं केलं. "हिला काही सांगायचंय."

मी बोलले. "पेशी माझ्या चुकीनं मेल्या नाहीत. खंडेनवमीला सरांनी इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये नदीचं पाणी ओतलं. मी पाणी बदलू का विचारलं, तर हात लावू नको म्हणाले. मी त्या दिवशी आत नव्हते. मला बाहेर ठेवलं होतं. इथं बसलेले लॅबमधले सगळे आत होते. त्यांना विचारा."

तज्ज्ञांपैकी एक बाई होत्या. त्यांनी शुभांगीला विचारलं. शुभांगी म्हणाली, "मला नीट आठवत नाही, मॅडम." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तज्ज्ञ बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि पुढचा विषय घेतला.

सगळे गेल्यावर सर म्हणाले, "दुसरा गाईड बघ. कुणी मिळतो का बघू."

कुणी मिळणार नाही, हे मलाही माहीत आहे. इथं सगळे एकमेकांचे पाहुणे, नात्यागोत्यातले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला लॅबमध्ये गेले. माझ्या खुर्चीवर खोकी ठेवली होती. ती खाली ठेवली आणि बसले. सरांना लेखी विचारलंय, सही कोणत्या कारणानं अडवली? उत्तर आलेलं नाही. रोज विचारणार आहे. माफी मागणार नाही. विषय सोडणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी कारण लिहून, सगळ्यांदेखत काढावं. मी माझ्या पायानं जाणार नाही.