तळहातावरचा ख

गावाहून, रिठदहून, धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, वत्सलाबाई गेल्या." मी फोन कानाला तसाच धरून बसले... त्याला आता महिना होत आला. माझ्या पहिलीच्या शिक्षिका, आणि पुढं घरातल्याच झालेल्या बाई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पहिलीत दुसऱ्यांदा बसले होते. "अ अननसाचा"पासून सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणायची, पण पाटीवर 'घर' लिहून वाच म्हटलं की गप्प. अननस तर आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. दिवाळीनंतर मला शाळेतून काढायचं आणि भावाला सांभाळायला घरी ठेवायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. त्याच वर्षी वत्सलाबाई आल्या. तरुण, सडपातळ, खणखणीत आवाजाच्या. त्या बौद्ध, म्हणून गावात कुणी त्यांना खोली देईना. रोज रिसोडहून एसटीनं यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला. "आधी आवाज ऐका, अक्षर मग बघू." त्या सुटं सुटं बोलायच्या, "ऊ... ठ." आम्ही उठायचो. "प... ळ." की वर्गाबाहेर धूम! आवाज जोडले की शब्द होतो, हे आमच्या पायांना आधी कळलं, डोक्याला नंतर. चुलीचा च आणि चहाचा च वेगळा का, असं मी एकदा विचारलं, तर केवढ्या खूश झाल्या! "तुला ऐकू आलं ना? मग तू वाचशील." असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. आमच्या 'पानी'ला त्या कधी हसल्या नाहीत. घरी पानी, पुस्तकात पाणी. तहान दोन्हीनं भागते, म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि बाबा मला न्यायला आले. दारातच उभे. "बाई, हिचं नाव काढून टाका. दोन सालं झाले, हिले काही येत नाही. कायले तुमचा येळ घालवता?"

बाईंनी वाद घातला नाही. "एक शब्द सांगा, भाऊ. तुमच्या मनातला कोणताही."

बाबा गोंधळले. मग हळूच म्हणाले, "रखमा."

ती माझी आजी, माझ्या जन्माआधीच वारलेली. मी फळ्याशी गेले. र काढला. पुढं हात अडला... क की ख? बाईंनी शिकवलं होतं तसा तळहात ओठांपुढे धरला आणि पुटपुटले. हाताला वारा लागला. ख. मग मा.

बाबांना अक्षरओळख नव्हती. "हे... माह्या मायचं नाव हाये?" मी बोट ठेवत वाचून दाखवलं. आजीचं नाव लिहिलेलं त्यांनी आयुष्यात कुठं पाहिलंच नव्हतं. बराच वेळ ते बघत राहिले. "पुसू नका, बाई," एवढंच म्हणाले आणि मला न घेताच परत गेले. त्या दिवशीची बेरीज-वजाबाकी बाईंनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर उरकली.

आठवडाभरात बाबांनी ओसरीलगतची खोली सारवून घेतली आणि बाईंचं सामान बैलगाडीतून आणलं. गावात कुजबुज झाली. दोघे-तिघे समजूत घालायला घरी आले. बाबा त्यांना म्हणाले, "ज्या बाईनं माह्या पोरीले वाचाले शिकवलं, तिले माह्या घरात जागा नाही, तं मंग कोनाले हाये?" बदली होईपर्यंत बाई तिथंच राहिल्या. भाकरी थापता थापता माझी मायही सुटे आवाज जोडू लागली, आणि पुढं मी डी.एड. करून मास्तरीण झाले, तेव्हा सगळ्यात लांबलचक शाबासकीचं पत्र बाईंचंच होतं.

गेल्या आठवड्यात रिठदला गेले होते. भाऊ अंगणात सोयाबीनची पोती उतरवून घेत होता. "कुठी ठेवू, दादा?" मजुरानं विचारलं. "बाईच्या खोलीत," भाऊ म्हणाला. तो मजूर तिशीतला. बाई बदलून गेल्या तेव्हा जन्मलाही नव्हता. पोतं पाठीवर तोलत तो सरळ ओसरीलगतच्या दाराकडे गेला.