मातीची वळी

सूनबाई गॅलरीतल्या कुंड्यांत कुजलेल्या पाल्याचं खत घालते ना, त्या ओल्या वासानं मी अजून उठून आत जाते. सायखेड्याकडे वडील विहिरी खणायचे. नदीकाठची पालापाचोळा कुजलेली काळी माती दिसायला छान, पण विहिरीची कड धरून ठेवील का, हे आधी बघावं लागे. मग करंगळीएवढी जाड, लांब वळी करून एका टोकाला धरायची. वीतभर लोंबूनही तुटली नाही, तरच खाली उतरायचं. वळ्या करायचं काम माझं. त्या दिवशी दोन वळ्या तुटल्या. थोरला भाऊ हसून हळूच म्हणाला, "आता काम बंद, मजुरी बंद, अन् तुझा बांगड्यांचा बाजारबी बंद, बये!" मी काय करावं? विहिरीत उतरायच्या दोराचा एक धागा काढला आणि तिसऱ्या वळीच्या पोटात घातला. वडिलांनी ती धरून बघितली, भावाला म्हणाले, "हाय दम. उतर." दुपारी कड ढासळली, भाऊ खालीच राहिला. वडिलांनी पुन्हा कुदळ धरली नाही. "माती वळखायला मीच चुकलो," असं येईल त्याला सांगत बसायचे आणि मी शेजारी गप्प. आज सांगावंसं वाटतं, तर ऐकायला तेच नाहीत.