हिरवा ठिपका आणि बांधलेली होडी

सकाळी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

तापामुळे आज सुट्टी टाकली होती. तरी लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडाच, आणि दर पाच मिनिटांनी माउस हलवायला माझी फेरी चालू. ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून! सुट्टीवर असताना! हसा खुशाल.

अकराच्या सुमारास दिवाळे गावच्या कोळीण मावशी आल्या. आमच्या जुईनगरच्या सोसायटीत त्या कित्येक वर्षं मासे विकतात. आज टोपलीत फक्त सुकट.

"ताजी मासली नाय गो. भांग हाय, भरतीला जोर नाय. पान्याला ओढ नसली का जाळ्यात काय गावत नाय, मंग होडी बांधून ठेवतो."

सुकट घेता घेता मी दोनदा आत पळाले. तिसऱ्यांदा निघाले तर मावशींनी मनगट धरलं. ते चांगलंच तापलेलं होतं.

"कुनाला बगायला जातेस सारखी?"

मी ठिपक्याचं सांगितलं. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग म्हणाल्या, "लाकडाच्या होडीला पन आमी सुट्टी देतो बाय. तू तर मानूस हायस. बस हितं."

दारातच बसले त्यांच्याशेजारी. त्या पाणी प्यायल्या, मीही प्यायले. आत ठिपका पिवळा झाला असणार. कोणाचाच फोन आला नाही. खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं.

आता लॅपटॉप बंद करून पडलेय, आणि फोनवरून हे लिहितेय, म्हणजे बघा! होडी बांधायची कशी, कोणाला येत असेल तर शिकवा ना.