डावा खांदा

“थांबा बे, इचार करून राह्यलो,” असं म्हणून ते दगडापुढे मांडी घालून बसत.

मेहकरला आमच्या शाळेमागे तालीम होती आणि तालमीच्या दाराशी एक वाटोळा गोटा. तो खांद्यावर घेईल त्याला गाव पहिलवान म्हणे. त्यापुढे बसणारे हे काका कापडाचे दुकानदार. पोट सुटलेले, चाळिशी उलटलेले. दुकान उघडण्याआधी रोज लंगोट लावून हजर. मी शाळेत मास्तर; शाळा भरेपर्यंत शेजारच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसे. वाचन मात्र होत नसे.

ते गोट्याभोवती फिरत, त्याला चाचपत, पुटपुटत.

“काका, नागपूरहून हुकूम आल्यावर उचलता का?” पोरं विचारत.

“याचं वजन कुठं लपलं हाये, ते पाहू दे बे.”

मग गोटा गुडघ्यापर्यंत येई आणि धपकन खाली. कोणी छान कोडं घातल्यासारखे ते घामाघूम होऊन हसत. “आज डावीकडे लपलं होतं, मास्तर.”

एका पोळ्याला उंद्री गावचा एक गडी आला. त्याने गोटा एका झटक्यात खांद्यावर घेतला, टाकला आणि पान चघळत निघून गेला. सगळे काकांकडे पाहू लागले.

“बिचारा,” ते हळहळले. “त्याले काहीच मजा आली नाही.”

पण गोटा खांद्यावर यावा, हे काकांनाही हवंच होतं. दुकानात कापड मोजता मोजता त्यांचा उजवा खांदा मध्येच वर जाई आणि गिऱ्हाइकाला वीतभर कापड जास्त मिळे.

पुढे काही वर्षांनी एका सकाळी तालमीत आम्ही दोघंच होतो. गोटा गुडघ्यावर आला, छातीवर आला, थांबला. त्यांनी डोळे मिटले. आणि तो उजव्या खांद्यावर जाऊन बसला. माझ्या हातून पुस्तक पडलं.

“पोरांना बोलावू?”

“काऊन? अजून डावा खांदा राह्यला ना.”

मी साक्ष दिली, तर पोरं म्हणाली, “मास्तर, पुस्तकात वाचलं असन तुम्ही.” काका हसले आणि डाव्या खांद्याला तेल चोळू लागले.

तो राहूनच गेला. यंदा थंडीत ताप आला आणि ते गेले. अंगणात तिरडी बांधून झाली, तरी तालमीतलं कोणी लगेच वाकेना. सगळे भोवती उभे राहून नुसते पाहत होते.

“मास्तर, तुमाले झेपन का?” कोणीतरी विचारलं.

मी डावा खांदा पुढे केला.