विसाचा एक्सल

गल्लीत तिला सगळे कडकताई म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात, तेवढी छाती कुणाची नव्हती. सायकल दुरुस्तीचं दुकान ती एकटीच्या हातावर चालवायची, आणि त्या हाताखालून गेलेल्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, पुन्हा लवकर काढावा लागत नसे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की ती पाना खाली ठेवून म्हणायची, "घाई असेल तर चालत जा." लोक मुकाट्यानं थांबत. हातात कसब असलं की तोंडाचा फटकळपणा खपून जातो.

तिची एक खोड होती. बोल्ट पुरता आवळून झाला की ती त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. बोल्ट हलला की ठिपका दुभंगतो, मग लांबूनही कळतं. ब्रशला आलेला जास्तीचा रंग ती डाव्या अंगठ्याच्या नखावर पुसायची आणि नवं काम हाती घेताना ते नख थिनरच्या बोळ्यानं साफ करायची. नख लाल असेल तर काम झालं, कोरं असेल तर राहिलं. "एकाच बोटाला नटवता होय?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बाकीची नऊ कामावर आहेत."

धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणत. नाव बारक्या, पण दुकानाच्या दारातून आत येताना डोकं वाकवावं लागायचं. दगडाधोंड्यांच्या उतारावरून सायकल खाली सोडायच्या शर्यतींचं त्याला वेड होतं. आई म्हणायची, "माझा त्याच्यावर भरवसा नाही. तुझ्या हातचं चाक आहे म्हणून जाऊ देते."

हे वाक्य गेल्या वर्षीपासून ताईला टोचू लागलं होतं.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी शर्यतीच्या आधी बारक्या दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, पुढचा फोर्क जरा कडक कर." फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. त्याच्या दोन्ही पायांत हवा आणि तेल असतं, म्हणून तो खड्ड्यात दबतो. आता सायकलवाल्याला कुणी कडक कर म्हटलं तर तो काय करणार? हवा भरणार. ताईनं हवा भरली. फोर्क वरखाली दबायचा कमी झाला. पण बारक्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. हँडल वळवलं की चाक मागाहून वळायचं, कारण चिमट्याचे दोन पाय पिळवटायचे. ते पाय खाली एकमेकांना धरून ठेवणारा एक्सल होता नऊ मिलीमीटरचा, बोटाएवढाही नाही. तो पीळ थांबवायला जाड एक्सल लागतो, हवेचा तिथं काही संबंध नाही. दगडाच्या वळणावर हँडल एकीकडे गेलं आणि चाक दुसरीकडे. गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड सांधलं. पण "तू सांगितलंस एक, मी ऐकलं दुसरं" हे ना ती बोलली ना तो. जेवताना दोघं ताटात बघून जेवत.

यंदा तो पुन्हा शर्यतीत उतरणार म्हणाला तेव्हा तिनं वाद घातला नाही. त्याला घेऊन सरळ सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात गेली. तिथं एकाच बनावटीचे दोन फोर्क होते. एकाला पंधरा मिलीमीटरचा एक्सल, त्याला खटका, उघडला की चाक हातात. दुसऱ्याला विसाचा जाडजूड नळीसारखा एक्सल, आणि तो धरायला प्रत्येक पायाला दोन असे चार बोल्ट.

"पंधराचा घेऊ," बारक्या म्हणाला. "हलका आहे. सगळे तोच वापरतात. पंक्चर झालं तर चाक पटकन निघतं."

"उतारावर पंक्चर झालं तर शर्यत तिथंच संपली. पटकन चाक काढून करणार काय, ओवाळणार?"

दुकानदार हसला. ताई हसली नाही. तिनं दोन्हींना चाक आणि हँडल बसवायला लावलं, चाक गुडघ्यांत घट्ट धरलं आणि बारक्याला हँडल पिळायला सांगितलं. पंधराचा किंचित मागं राहिला. फार नाही, केसभर. विसाच्या वेळी तिचे गुडघेच हँडलबरोबर फिरले.

"केसभराचाच तर फरक आहे," तो म्हणाला.

"मोडायला केसभर पुरतं."

त्यानं हँडल सोडलं आणि म्हणाला, "ठीक आहे, तुझंच खरं. पण माझीही एक अट. शर्यतीच्या दिवशी वर स्टार्टला यायचं नाही. तू आलीस की सगळे माझ्याकडं आजाऱ्यासारखं बघतात."

तिनं मान डोलावली. मनातून तिला वाईट वाटलं, पण शब्द दिला.

शर्यतीच्या सकाळी टेकडीखालच्या तंबूत त्यानं ऐनवेळी पुढचा टायर बदलायचा हट्ट धरला. ताईनं नख पुसलं, चाक काढलं, टायर चढवला, चाक परत लावलं. विसाचा एक्सल बसवायची एक रीत असते. आधी एका पायाचे बोल्ट आवळायचे. मग हँडलवर भार टाकून फोर्क चांगला दाबून घ्यायचा, म्हणजे दुसरा पाय एक्सलवर आपली जागा शोधतो. मगच त्याचे बोल्ट आवळायचे. न दाबता आवळलं तर पाय वाकडा धरला जातो आणि फोर्क अडकतो. ठिपके चारही बोल्ट झाल्यावर एकदम. तिनं एक बाजू आवळली आणि फोर्क दाबायला हँडल धरलं, तेवढ्यात शेजारच्या तंबूतून हाक आली, "ताई, धावा हो, चेनमध्ये बोट गेलंय!"

ती धावली. बोट सोडवून, बांधून परत आली तर सायकल नव्हती. स्पर्धकांना वर नेणारी गाडी निघून गेली होती. ती हत्यारं आवरू लागली. नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण वाकडं बसलं होतं, ते वैतागून नीट केलं. आणि तिची नजर अंगठ्यावर गेली.

नख कोरं होतं.

एक बाजू घट्ट, दुसरी मोकळी, आणि उतारावर तेच दगडाचं वळण. बारक्याचा फोन तिच्याच पिशवीत होता. ती रस्त्याच्या कडेला वॉकीटॉकी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडं पळाली.

"वर सांगा, माझ्या भावाला थांबवा! लाल हेल्मेट!"

"बाई, पाळीला थांबवलं तर तो बाद होईल. विचार करा."

"केला! थांबवा!"

त्यानं बटण दाबलं. नुसती खरखर. पुन्हा दाबलं, पुन्हा खरखर. "वर आवाज पोचत नाहीये," तो म्हणेपर्यंत ती पायवाटेला लागली होती. हातात बोल्ट आवळायची अ‍ॅलन की, पायात दुकानातल्या सपाता. एक सपात वाटेतच राहिली. वरून शिट्टी वाजायची, एक सायकल धडधडत खाली जायची, आणि लाल हेल्मेट नाही हे दिसेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. आईला काय सांगू, एवढं एकच डोक्यात होतं. दुकान, नाव, हात, सगळं गेलं खड्ड्यात, आईला काय सांगू?

ती वर पोचली तेव्हा बारक्याच्या पुढं एकच जण उरला होता. त्यानं तिला पाहिलं आणि चेहरा उतरला. "ताई, आपलं काय ठरलं होतं?"

बोलायला तिच्यात दम नव्हता. ती सरळ चाकापाशी बसली. चारही बोल्टांवर लाल रंग होता. पण ते ठिपके तिचे नव्हते. तिचा ठिपका नेटका, तिळाएवढा. हे फराटे होते, बोल्टाच्या बाहेर गेलेले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आधी दाबून घेतलंस?"

"तीनदा. तिसऱ्यांदा तुझ्या समाधानासाठी."

पुढचा गेला. स्टार्टवाला ओरडला, "बाई, बाजूला व्हा! यांची पाळी आहे."

तिनं पहिल्या बोल्टात की घातली आणि जोर लावला. बोल्ट तसूभर हलला नाही. तीन उरले होते. स्टार्टवाल्यानं शिट्टी तोंडाला लावली. बारक्या नुसता तिच्याकडं बघत राहिला, लहानपणी पहिल्यांदा सायकलवर बसवलं तेव्हा बघत होता तसा. तिनं हातातली की खिशात टाकली आणि उठून मागं सरकली. आयुष्यात पहिल्यांदाच न तपासलेला बोल्ट तिनं जाऊ दिला होता, तेही एक नव्हे, तीन.

शिट्टी वाजली. लाल हेल्मेट उताराखाली दिसेनासं झालं. दगडाचं वळण वरून दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली. टायरखाली खडी करकरली, मग सगळं गप्प झालं. ते गप्प होणं फार लांबलं. स्टार्टवालासुद्धा पुढची शिट्टी वाजवायची थांबला. मग खाली, बरंच खाली, पुन्हा खडी वाजली आणि लोकांचा गलका उठला.

ती एका सपातेनिशी उतरून आली तेव्हा बारक्या तंबूत पाणी पीत होता. नंबर आला नव्हता, पण हाडं जागच्या जागी होती. तो हातमोजे काढू लागला. डाव्या अंगठ्याचं नख लालभडक रंगलं होतं.

"हे काय?"

"ब्रश नखावर पुसल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही ना? तू तसंच करतेस. लहानपणापासून बघतोय, दुकानात दुसरं होतं काय बघायला?"

तिला हसू आलं आणि रडूही. ते लपवायला ती चाकापाशी बसली, उरलेल्या तिन्ही बोल्टांत की घालून बघितली. तिन्ही पक्के. तरी उठवेना. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "फोर्क कसा होता? कडक होता का?"

बारक्या तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि हळूच म्हणाला,

"कुठला कडक विचारतेस, ताई? वरखालचा की वळणातला?"

वर्षभर अडकलेलं रडू मग तिला आवरलं नाही. बारक्या शेजारी बसून राहिला आणि आपलं नख पुसायला थिनरचा बोळा शोधू लागला.

"राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "घरी जाऊन आईला दाखवायचंय."